जिवलग मैत्री मीच संपवली; आता पुढचं कसं निभवायचं?

शेवंती, 11 जानेवारी

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. घटस्फोट, ब्रेकअप, सासू-सुना, भावाभावांच्या वाटण्या, सगळ्यावर धागे सापडले. मला हवा तो सापडला नाही म्हणून काढतेय. आधीच असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

दिवाळीनंतर मी माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीशी संबंध संपवले. कोल्हापूरला फार्मसीला असताना हॉस्टेलची खोली एक. पुढे दोघी पुण्यात, ती वारज्याला, मी कोथरूडला. माझ्या बाळंतपणात आई गावाहून पोचायच्या आधी दवाखान्यात हीच होती. तिच्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत रात्रीची पाळी माझी असायची. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, सख्ख्या मावशीपेक्षा या मावशीला जास्त ओळखते.

कारण थोडक्यात सांगते. गेल्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली. सासऱ्यांची बायपास व्हायची होती, म्हणून आम्ही सासरी-माहेरी कुठेच कळू दिलं नव्हतं. फक्त हिला सांगितलं होतं. ते आमच्या भिशीतल्या बायकांपर्यंत गेलं, तेही 'बिचारीला आता हप्ते जड जातायत' अशा शब्दांत. असं याआधीही झालं होतं. जाब विचारला तर म्हणाली, "काळजीपोटीच बोलले गं, तू फार लावून घेतेस." मी पुष्कळ विचार केला आणि फोनवर शांतपणे सांगितलं की यापुढे आपण भेटायला-बोलायला नको. आरडाओरडा झाला नाही. निर्णयाबद्दल मला शंका नाही, तेव्हा 'मिटवून टाका' हा सल्ला कृपया नको.

प्रश्न असा की निर्णय पटलेला असूनही इतका त्रास का होतोय? मंडईत कोवळी पापडी दिसली की हात फोनकडे जातो. रात्री तीनला जाग येते आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडण सुरू होतं, संवादांसकट. त्यात दर वेळी मीच जिंकते आणि तरी झोप येत नाही. नवरा म्हणतो, "आहेत की बाकीच्या मैत्रिणी." आई म्हणते, "मैत्रिणी अशाच असतात, बहिणीला धर." नवऱ्याशी फाटलं असतं तर चार माणसं डबा घेऊन दारात आली असती. इथे मी कुणाला काय सांगू?

शिवाय भिशी आहेच, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी. आम्ही दोघीही तिच्यात. मुलगी विचारते मावशी का येत नाही. आता संक्रांत आली, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं, म्हणजे कुठल्या ना कुठल्या दारात गाठ पडणारच. कुणी यातून गेलं असेल तर लिहा.

घाटमाथा

'मिटवा' नको म्हणालात तरी सांगतो. इतक्या वर्षांची मैत्री एका फोनवर तोडायची नसते. एकदा समोर बसा, मन मोकळं करा. फोनवर माणूस कळत नाही.

फुरसतवीर

मैत्रीण होती हो, नवरा नव्हता. जिमला जा, ट्रेकला जा, महिनाभरात आठवणारही नाही. (शिव्या पचवायला इनो घेऊन बसलोय, या मारायला.)

तांबडा_रस्सा

फुरसतवीर, माझं दोन्ही झालंय. आधी शाळेपासूनच्या मित्राशी मैत्री तुटली आणि काही वर्षांनी लग्न मोडलं. तेव्हा तुलना करायचा हक्क या धाग्यावर बहुधा माझाच.

घटस्फोट परस्परसंमतीने झाला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली. एक वर्ष वेगळं राहिलं की दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं, मग पुन्हा न्यायाधीशांसमोर सांगायचं की हो, अजूनही वेगळंच व्हायचंय. हे सहा महिने प्रत्येक वेळी सक्तीचे नाहीत, परिस्थिती पाहून माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलंय. वकिलांनी विचारलं, तसा अर्ज करायचा का? मी लगेच हो म्हणालो, ती नको म्हणाली. तेव्हा डोक्यात तिडीक गेली होती. पण त्या महिन्यांत घरातल्या वस्तूंची यादी झाली. फ्रिज, गाद्या, तिच्या आईने दिलेली पितळी परात आणि खाली एक ओळ, 'स्टीलचे डबे लहानमोठे 11'. वकिलांच्या कारकुनाने डबे मोजून टाईप केले होते. मी रडलो तो ही ओळ वाचून. परातीचं काही वाटलं नाही.

सांगायचं हे की मला तारखा होत्या, कागद होते. साहेबांना कारण सांगून रजा मागता आली. धाकटा भाऊ गावाहून येऊन राहिला. मित्र गेला तेव्हा यातलं काही नव्हतं. घरी आठेक महिन्यांनी कुणीतरी सहज विचारलं, "तो हल्ली दिसत नाही?" तेवढंच. आणि खरं सांगू का, मित्राचं जास्त दिवस पुरलं.

शेवंती, तुमच्या घरी तिच्या वस्तू असतील, तिच्याकडे तुमच्या. यादी करा, तारीख ठरवा आणि एकाच फेरीत देणंघेणं उरका. स्वतः जाऊ नका, तिसऱ्या माणसाच्या हाती द्या.

अर्धा_कप

धागाकर्तीच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. मला सोडण्यात आलं. माझ्या मैत्रिणीने फोनसुद्धा केला नाही. आधी उत्तरं 'हो', 'बघू' अशी व्हायला लागली, मग तिच्या मुलाच्या मुंजीचे फोटो मला तिसऱ्याच बाईच्या स्टेटसवर दिसले. काय चुकलं ते अजून माहीत नाही. शेवंतीताई, तुम्ही तोंडाने सांगितलंत, तिला निदान कारण तरी माहीत आहे. हे लहान काम नाही.

घाटमाथा, 'समोर बसा' हे दोन्हीकडे ऐकायची तयारी असेल तर ठीक. 'तू फार लावून घेतेस' म्हणणाऱ्या माणसासमोर पुन्हा बसून काय मिळणार? पुन्हा तेच वाक्य, या वेळी चहासोबत.

एक कळकळीची विनंती, तिचं स्टेटस बघू नका. मी सुरुवातीला रात्री उठून बघायचे की तिने माझं पाहिलं का. नावांच्या यादीत तिचं नाव शोधायचं, नसलं तर वाईट, असलं तर अजून वाईट. ब्लॉक नाही केलं तरी चालेल, म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. ब्लॉक केलं की दहा जणींना कळतं आणि त्याचीच चर्चा होते.

खोडरबर

याला थोडा आधार आहे. ब्रिटनमधल्या टॅरा मार्शल यांचा 2012 चा अभ्यास आहे. पूर्वीच्या जोडीदाराचं फेसबुक पान बघत राहणाऱ्यांमध्ये त्रास जास्त आणि सावरणं कमी आढळलं. मात्र बघण्यामुळे त्रास वाढतो की त्रासातली माणसंच जास्त बघतात, हे अशा प्रश्नावलीतून ठरत नाही. आणि तो प्रेमसंबंधांवर होता, मैत्रीवर नव्हे.

फुरसतवीर

खोडरबर आले. आता आकडेमोडीवरून धाग्याचं काश्मीर होणार, वाद मिटायचाच नाही.

निरगाठ

मी व्यवसायाने समुपदेशक आहे. इथे कुणाला तपासत नाहीये, माहिती म्हणून लिहिते.

'कुणाला काय सांगू' हा या धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटला. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये नेमकं यावर पुस्तक संपादित केलं. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मोजत नाही, रजा देत नाही, भेटायला येत नाही, त्याबद्दल. घटस्फोटानंतर वारलेला पूर्वीचा नवरा, पोटात गेलेलं मूल, पाळीव प्राणी अशी उदाहरणं त्यात येतात. तुटलेली मैत्री त्याच रांगेतली. आपल्याकडच्या शब्दांत, ज्याचं सुतक नाही असं दुःख. सुतक कटकटीचं वाटतं खरं, पण त्या दिवसांत माणसाकडून कुणी कामाची अपेक्षा करत नाही. तुमच्याकडून मात्र दिवाळीनंतर सगळ्यांना सगळं नेहमीसारखं हवं आहे. यात तुमचा कमकुवतपणा शोधू नका.

दुसरं, तुम्ही स्वतः संपवलंत म्हणून त्रास कमी व्हायला हवा, असं काही नसतं. माणूस विश्वासाला उतरलं नाही हे खरं आणि इतकी वर्षं ते उपयोगी पडलं हेही खरं. दोन्ही एकदम खरं असतं, म्हणूनच अवघड जातं.

आता रात्री तीनचं भांडण. पुष्कळ जण सांगतील की मनातलं सगळं कागदावर लिहून काढा, मग फाडून टाका. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 पासूनच्या प्रयोगांमुळे ही युक्ती लोकप्रिय झाली आणि अनेकांना ती लागू पडते. पण डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवर हा प्रयोग केला, तेव्हा उलटंच दिसलं. जे 'असं का झालं' हे सतत घोळवत होते, त्यांना भावना ओतून लिहिण्याचा उपद्रवच झाला. दिवसभरात काय केलं याची कोरडी नोंद ज्यांनी ठेवली, ते जास्त बरे सावरले. तुम्ही रात्री संवादांसकट भांडताय, तेव्हा तिला उद्देशून दहा पानी पत्र लिहू नका. रोज झोपायच्या आधी पाचसहा ओळी पुरे: सकाळी काय केलं, भाजी कुठली आणली, वीजबिल भरलं.

आणखी एक. मराठीत कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती बऱ्याच जणांना माहीत आहे. तिच्यातला एक भाग इथे उपयोगी पडेल. तीन वाजताच्या भांडणात तुम्ही तिला काय म्हणता ते नीट ऐका. बहुतेक ते 'तिने असं वागायलाच नको होतं' असं असेल. हा हट्ट आहे आणि तो भूतकाळाकडे धरलाय, तो पुरवणं कुणाच्याच हातात नाही. त्याजागी 'तिने असं केलं नसतं तर मला फार बरं वाटलं असतं. केलं, आणि मला ते चालणार नाही म्हणून मी थांबवलं' असं म्हणून बघा. दुःख राहील, ते राहू द्यावं. जळफळाट उतरतो. एकदा म्हणून होत नाही, कंटाळा येईपर्यंत म्हणावं लागतं.

जाता जाता, हे दुखणं 'मनाचे खेळ' नाहीत. ईथन क्रॉस यांनी 2011 मध्ये नको असताना ब्रेकअप झालेल्या 40 जणांचा मेंदू तपासला. पूर्वीच्या जोडीदाराचा फोटो बघताना आणि हातावर गरम चटका बसताना काही तेच भाग जागे झाले.

खोडरबर

निरगाठ, बाकी सगळं मान्य, शेवटचा परिच्छेद अर्धा. 2014 मध्ये वू आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भाग तेच असले तरी त्यांतल्या हालचालीचा नमुना दोन्ही वेळी वेगळा असतो. त्या शोधनिबंधात क्रॉस स्वतःही सहलेखक आहेत. म्हणजे मन दुखणं आणि हात भाजणं मेंदूला निरनिराळं कळतं.

निरगाठ

बरोबर आहे, 2014 चं लिहायला हवं होतं. दुखणं खरं असतं, हा मुद्दा तरीही उरतो.

फुरसतवीर

मग पॅरासिटामॉल चालेल का? (गंमत करतोय.)

खोडरबर

गंमत नाही, तोही प्रयोग झालाय. 2010 मध्ये डीवॉल आणि मंडळींनी लोकांना तीन आठवडे रोज ती गोळी दिली. त्यांना मन दुखावल्याचं कमी जाणवलं, असं निघालं.

निरगाठ

इथे कुणीही हे घरी करून बघू नये. रोज पॅरासिटामॉल घेऊन यकृताची वाट लागू शकते. तो प्रयोग होता, उपचार नव्हे.

गोधडी

अगं शेवंती, माझं वय 71. नातवाने मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकवलंय, तेव्हा चुका पोटात घाल.

मिरजेला आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडं होती आणि कुणाचा ना कुणाचा अबोला कायम असायचाच. पण अबोल्यालाही रीत होती. नळावर एकीची घागर भरत असली की दुसरी थांबायची. बोलायचं नाही, पण घागर सरकवायची नाही. कुणाकडे कार्य निघालं की अबोला धरलेल्या घरूनसुद्धा पाट आणि मोठी पातेली जायची, पोराच्या हाती. कार्य झालं की घासून परत, पुन्हा अबोला सुरू.

माझं आणि शेजारच्या सिंधूचं (नाव बदललंय) असंच झालं. कारण आमचं नव्हतंच, नवऱ्यांचा जमिनीचा व्यवहार. शेवटपर्यंत बोललो नाही. पण तिची मुलगी माझ्याकडे गणित शिकायला यायची ती येतच राहिली. तुझ्या लेकीला सरळ सांग, "माझं आणि मावशीचं आता पटत नाही, तुझं आणि तिचं काही बिघडलेलं नाही." आठ वर्षांच्या मुलीला कळतं. मोठ्यांचा अबोला लहानांच्या ताटात वाढू नये.

आणि भेटणाऱ्या प्रत्येकीला कारण सांगत बसू नकोस. एकदा सांगितलंस की दहा वेळा सांगावं लागतं आणि दर वेळी कुणीतरी त्यात आपलं मीठ घालतं.

अर्धा_कप

गोधडी आजी, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. पण मुलीच्या बाबतीत मला वेगळं वाटतं. वाड्यात मूल शेजारी जायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायचं. आता मुलगी मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलणार. "आई काय करतेय गं? बाबा ऑफिसला जातात का?" हे प्रश्न येणारच आणि मूल खरं तेच सांगणार. भांडण झालंय तेच मुळी घरातली गोष्ट बाहेर गेल्यावरून! मग ती खिडकी उघडी कशी ठेवायची?

तांबडा_रस्सा

अर्धा_कपशी सहमत. मला मूल नाही, पण माझ्या भाचीमार्फत आमच्या बातम्या इकडून तिकडे कशा जायच्या ते पाहिलंय. भाचीचा काही दोष नव्हता, तिला वाटायचं आपण मदत करतोय.

निरगाठ

मधला मार्ग असा की मुलीला मावशीबद्दल वाईट बोलायचं नाही, वाढदिवसाचा फोन आला तर घेऊ द्यायचा, पण आपण होऊन भेटी ठरवायच्या नाहीत. तिला निरोप्या करायचं नाही, दोन्ही बाजूंनी. आणि तिलाही मावशी तुटल्याचं वाईट वाटणार. 'बाहुल्या खेळ जा' म्हणून ते उडवू नका, ती रडली तर रडू द्या. तिच्याही दुःखाला सुतक नाहीच.

गोधडी

व्हिडिओ कॉलचं माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही म्हणता तेही खरंच.

बर्फातला_कोल्हापुरी

अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या लहानशा गावातून लिहितोय. इथे मराठी घरं पंचवीसेक. एखाद्याशी बिनसलं तर दुसरं गाव नाही. गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घ्यायचा, त्याच सहासात जणांनी मांडव घालायचा, त्याच बायकांनी मोदक वळायचे. माझ्या बायकोचं तिच्या इथल्या एकुलत्या एक मैत्रिणीशी फाटलं आणि पुढच्याच महिन्यात दोघी उकडीच्या परातीसमोर शेजारीशेजारी. बायकोने आधीच एक वाक्य ठरवून ठेवलं होतं. कुणी विचारलं की म्हणायचं, "आमचं हल्ली फारसं बोलणं नसतं. तुमच्या आईंच्या गुडघ्याचं कसं आहे?" दुसरा भाग महत्त्वाचा. आपल्या लोकांना स्वतःच्या आईच्या गुडघ्याबद्दल विचारलं की बाकी सगळं विसरतात.

आणि प्रत्यक्ष ती समोर आली तर? "नमस्कार, बरी आहेस?" एवढं बोलून हाताला काम शोधायचं. हळदीकुंकवात कामाला तोटा नाही. अत्तरदाणी घ्या, वाण वाटायला उभ्या राहा. उभ्या माणसाला कुणी कोपऱ्यात धरत नाही.

शेवंती, 15 जानेवारी

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देते. आधी ताजी घडामोड. काल तिचा मेसेज आला. 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला', खाली हलव्याच्या दागिन्यांचा फोटो. काळजात धस्स झालं. काल दिवसभर मी हा मेसेज उघडून बघतेय, कामात लक्ष नाही. उत्तर द्यायचं का? दिलं तर दार उघडं आहे असं होईल का? नाही दिलं तर संक्रांतीलाही गोड बोलता येईना, असं भिशीत होईल.

खोडरबर

वर 'फॉरवर्डेड' असं लिहून आलंय का?

शेवंती

नाही. पण 'घ्या' म्हटलंय. ती मला आयुष्यात कधी 'घ्या' म्हणालेली नाही.

खोडरबर

मग ब्रॉडकास्ट लिस्ट. तीत 'फॉरवर्डेड' दिसत नाही. फोनबुकातल्या बऱ्याच जणांना एकदम गेलाय. तुमच्या यजमानांनाही आला असेल, विचारून बघा.

शेवंती

विचारलं. त्यालाही आलाय. तोच फोटो.

फुरसतवीर

हुश्श. सीआयडी धागा बंद.

अर्धा_कप

फुरसतवीर, ज्याला असा मेसेज आलाय त्यालाच कळतं. 'आपल्यालाच पाठवलाय' यातला त्रास वेगळा आणि 'सगळ्यांबरोबर आपल्यालाही गेला' यातला वेगळा. दुसरा जास्त बोचतो. शेवंतीताई, आज रात्री हा धागा वाचू नका, झोपा.

घाटमाथा

सण आहे. सणाला उत्तर द्यावं. एवढ्याने मैत्री पुन्हा सुरू होत नाही.

बर्फातला_कोल्हापुरी

घाटमाथाशी पहिल्यांदाच सहमत. 'तुम्हा सर्वांनाही शुभेच्छा.' नाव नाही, इमोजी नाही, प्रश्न नाही. प्रश्न विचारला की संभाषण सुरू झालं म्हणून समजा.

निरगाठ

उत्तर द्या किंवा देऊ नका, दोन्ही चालेल. ठरवा आणि मेसेज पुसून टाका, म्हणजे पुन्हा उघडायला राहणार नाही.

आणखी एक, फक्त शेवंतीसाठी नाही, वाचनमात्र असलेल्यांसाठीही. झोप उडणं, जेवण न जाणं, कामात चुका, हे काही आठवडे चालतं. पण ते वाढतच चाललंय, सकाळी उठावंसंच वाटत नाही किंवा जीव नकोसा होतोय असे विचार येतायत, तर धाग्यावर उपाय विचारत बसू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर फोन लावायचा, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. 'मैत्रीण तुटली म्हणून कुठे फोन करायचा' असं वाटेल. करायचा.

तांबडा_रस्सा

+1. माझ्या वेळी हा क्रमांक नव्हता. मी फॅमिली डॉक्टरांकडे ॲसिडिटीचं सांगत गेलो होतो. त्यांनी औषध लिहून दिलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक?" तिथे पंधरा मिनिटं बसून राहिलो.

हिशेबनीस

धागा भावनिक आहे, मी व्यवहाराचं बोलतो. भिशीबद्दल कुणी नीट उत्तरच दिलं नाही. शेवंतीताई, तुमचा नंबर लागून गेलाय का? म्हणजे भिशी उचललीत का तुम्ही?

शेवंती

हो, गणपतीच्या महिन्यात चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. त्या पैशांतूनच मुलीची शाळेची फी भरली.

हिशेबनीस

मग मध्ये सोडायचा प्रश्नच नाही. उचललेली भिशी म्हणजे उरलेल्या बायकांचं देणं. आता सोडलीत तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी बोलणी तुम्हीच खाणार आणि 'हप्ते जड जातायत' ही तिची अफवा खरी ठरणार. शेवटची चिठ्ठी निघेपर्यंत हप्ता वेळेवर द्या. पण हप्ता देणं आणि जेवायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे ज्या बाईकडे जमतात तिला आदल्या दिवशी यूपीआयने पाठवा, ग्रुपवर लिहा 'हप्ता पाठवला, या वेळी यायला जमणार नाही'. कारण देऊ नका. आमच्या भिशीत दोघं असे आहेत जे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण हप्ता कधी चुकला नाही. नव्या फेरीत नाव घालू नका म्हणजे झालं.

गोधडी

हे आवडलं मला. वाड्यातल्या पातेल्यांसारखंच.

शेवंती, 26 जानेवारी

थोडं लिहिते, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

तिळगुळाला 'तुम्हा सर्वांनाही' एवढंच उत्तर दिलं आणि मेसेज पुसला. तिचा अंगठा आला. हप्ता शनिवारी यूपीआयने गेला, काल भिशीला गेले नाही. ग्रुपवर एकीने 'का गं?' विचारलं, मी तिच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं. (खरंच चालतं हे. तिने तीन व्हॉइस नोट पाठवल्या.)

हळदीकुंकवांपैकी दोन ठिकाणी गेले, तिसरीकडे ती असणार हे नक्की होतं म्हणून गेले नाही. मग दुसरीकडेच जिन्यात गाठ पडली. ती वाण घेऊन उतरत होती, मी चढत होते. ती म्हणाली, "बारीक झालीस." मी म्हणाले, "हो का?" आणि वर गेले. वर गेल्यावर हात थरथरत होते, यजमानीणबाईंनी पाणी दिलं. अत्तरदाणी मागून घेतली.

यादी केली. तिची इडलीची भांडी, एक छत्री, दोन पुस्तकं, मुलीला लहानपणी दिलेला झबल्यांचा गठ्ठा, तो परत द्यायचा की नाही कळत नाहीये. माझ्या वस्तूंतलं फक्त आईचं जरीचं पातळ परत हवंय. एका सामाईक मैत्रिणीला विचारलंय, ती आणून देईन म्हणाली, काय झालं ते तिने विचारलं नाही. अशी माणसंही असतात.

मुलीला सांगितलं. तिने विचारलं, "मग माझ्या वाढदिवसाला?" मी म्हणाले, फोन आला तर बोल. ती थोडा वेळ रडली आणि मग वर्गातल्या एका मुलीशी तिचं कसं फाटलंय ते अर्धा तास सांगत बसली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तीनची जाग आहे अजून. रोजच्या ओळी लिहितेय, वाचायला अत्यंत कंटाळवाण्या आहेत. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. वाचून काही बोलला नाही, पण रविवारी सकाळी मंडईत तोच गेला आणि पापडी सोडून सगळी भाजी घेऊन आला.

अर्धा_कप

झबली देऊ नका. ती मुलीची आहेत, हिशेबात धरू नका.

तांबडा_रस्सा

झबली ठेवा. इडलीची भांडी आधी पाठवा, ती घरात राहिली की दर रविवारी समोर येतात.

फुरसतवीर

ताई, पहिल्या प्रतिसादात जरा जास्तच बोललो. बाकी ते गुडघ्याचं वाक्य मी ऑफिसात वापरायला घेतलंय.

नवा_सभासद_राधानगरी

सगळा धागा वाचला. माझ्या बाबतीत मैत्रीण नाही, सख्खी बहीण आहे आणि राखीपौर्णिमेला दोघींना एकाच भावाकडे जावं लागतं. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

हिशेबनीस

वेगळा काढा. घरात वाटणी झालीय की व्हायचीय, तेवढं पहिल्या ओळीत लिहा.